माळ्यावरचे आठ संगणक, चार महिने आणि एक हरवलेला बिट

पार्श्वभूमी

कोथरूडमधली ४० वर्षांची, तीन मजली सोसायटी. पुनर्विकासाचा करार झाला आणि सभासदांना जुलैअखेर जागा रिकामी करायची होती. या प्रकरणातले गृहस्थ, यापुढे त्यांना काका म्हणू, वय ६४, भोसरीतल्या एका कारखान्याच्या डिझाइन विभागातून निवृत्त. घरात काका-काकू दोघेच, मुलगी बंगळुरूला. तात्पुरते घेतलेले भाड्याचे घर वारज्यात, एक खोली कमी आणि माळा अजिबात नाही.

अडचण माळ्यावरच होती. तिथे आठ संगणक होते. १९८८ मध्ये नवा घेतलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम प्लसची डेसीबेल्स कंपनीने परवान्याने भारतात आणलेली आवृत्ती. एका शाळेने मोडीत काढलेला बीबीसी मायक्रो मॉडेल बी. १९८४-८५ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' या शालेय संगणक प्रकल्पामुळे ही यंत्रे आपल्याकडच्या शाळांत पोहोचली होती. दोन कमोडोर ६४, जुन्या पिढ्यांच्या पीसींपैकी एक एक्सटी, दोन २८६ आणि नव्वदीतला तो टीव्ही गेमचा कीबोर्ड, ज्याला घरोघरी 'कॉम्प्युटर' म्हणून खपवले गेले. शिवाय ३१ कॅसेट आणि सव्वापाच इंची फ्लॉपींचे दोन डबे.

यातला स्पेक्ट्रम सोडला तर बाकी सगळे पुढच्या काळात जमलेले. काही जुन्या बाजारातून बुधवार-रविवारच्या फेऱ्यांत, काही कचेऱ्यांच्या मोडीतून. एकही सलग चालवलेला नव्हता. शेवटचे कधी काय चालू केले होते, ते काकांनाही आठवत नव्हते.

खरी अडचण काय होती

वरवर पाहता प्रश्न जागेचा होता. पण मदतीला आलेल्या दोघा जाणकारांनी 'यातले काय ठेवायचे?' असे विचारले तेव्हा काकांना एकही खोके बाजूला काढता येईना. प्रत्येकाला काही ना काही कारण निघत होते. मग प्रश्न बदलला: 'यातला पहिला कुठला चालू कराल आणि त्यावर काय कराल?' यावर उत्तर तत्काळ आले. स्पेक्ट्रम. आणि त्यावर एक कॅसेट लोड करायची.

त्या कॅसेटवर काका आणि त्यांच्या धाकट्या भावाने १९८८ मध्ये तयार केलेली देवनागरी अक्षरे होती. स्पेक्ट्रमचे प्रत्येक अक्षर ८ बाय ८ ठिपक्यांचे असते, म्हणजे अक्षराला ८ बाइट. ९६ अक्षरांचा पूर्ण संच ७६८ बाइटचा. दोघांनी आलेखाच्या वहीत चौकोन रंगवून तो बनवला होता. वरच्या दोन ओळी मात्रा-वेलांट्यांसाठी मोकळ्या सोडलेल्या, तिसऱ्या ओळीत शिरोरेषा. यामागे कारण होते. 'ओव्हर १' आदेशाने एका अक्षरावर दुसरे छापले की एकमेकांवर आलेले ठिपके पुसले जातात. मात्रा शिरोरेषेवर पडली तर शिरोरेषेलाच भोक पडायचे. भाऊ काही वर्षांपूर्वी वारले. वही शिल्लक होती, कॅसेट शिल्लक होती, यंत्र शिल्लक होते. तिन्ही एकत्र चालतील की नाही याची खात्री नव्हती.

जुन्या यंत्रांच्या बाबतीत हे वारंवार दिसते. ओढ एकाच यंत्राची असते आणि बाकीची त्याच्या आजूबाजूला साठत जातात. हे एकदा कळले की यादी आपोआप आखडते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, सगळे उचलून वाघोलीकडे गोदामात भाड्याने ठेवणे. नव्या घराचा ताबा मिळायला तीन-चार वर्षे. पत्र्याच्या गोदामात तीन पावसाळे म्हणजे कॅसेटवर बुरशी आणि बोर्डावर गंज, हे ठरलेलेच. तो लगेच बाद झाला.

दुसरा, सगळे एकगठ्ठा विकणे. जुन्या बाजारातल्या एका ओळखीच्या विक्रेत्याने तयारी दाखवली होती. सोपा मार्ग, पण कॅसेटही त्यातच जाणार होत्या.

तिसरा पर्याय मुलीचा. 'बाबा, स्पेक्ट्रम मोबाइलवरही चालतो. वही आहेच, मी ७६८ आकडे एका दुपारी टाइप करून देते.' हा हसण्यावारी नेण्यासारखा पर्याय नव्हता. इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्राम, उत्तम चालतात, वही वाचता येत होती आणि खर्च शून्य. काकांचे म्हणणे एवढेच होते की वहीत काढलेले आणि कॅसेटवर गेलेले एकच आहे का, ते आधी पाहू.

चौथा आणि शेवटी स्वीकारलेला: आधी कॅसेट वाचवायच्या, मग स्पेक्ट्रम दुरुस्त करून ठेवायचा, बीबीसी आणि कमोडोर तपासून योग्य हाती द्यायचे, बाकीचे मोडीत. हा क्रम फार महत्त्वाचा. यंत्र तीन महिन्यांनीही दुरुस्त होते. बुरशी लागलेली फीत तीन महिने थांबत नाही.

एक घाई, जी टाळता आली असती

हे सगळे ठरण्याआधीच एका शेजाऱ्याने स्पेक्ट्रम चालू करून पाहिला होता. मूळ ॲडॉप्टर सापडेना, म्हणून जुन्या राउटरचा ९ व्होल्टचा लावला. पिन बसली, व्होल्टेज बरोबर, पण ध्रुवता उलटी. स्पेक्ट्रमला मधली पिन ऋण लागते. राउटरच्या ॲडॉप्टरची मधली पिन धन असते. आत उलट ध्रुवतेपासून कुठलेही संरक्षण नाही. पडदा कोरा राहिला, बोर्ड गरम झाला, वायर काढली गेली.

(गंमत अशी की गिटारच्या इफेक्ट पेडलचे ९ व्होल्टचे ॲडॉप्टर मधली पिन ऋण असलेलेच असतात. मात्र त्यातले बरेच ५०० मिलिॲम्पिअरचे. स्पेक्ट्रमचा मूळ सप्लाय १.४ ॲम्पिअरचा होता. दीड-दोन ॲम्पिअरचे घेतले तर चालतात.)

आधी कॅसेट

३१ पैकी ९ कॅसेटवर घरचे प्रोग्राम होते, उरलेल्या खेळांच्या नकला. खेळांना हात लावला नाही. ते जगभर जतन झालेले आहेत. नऊपैकी चारांच्या फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसत होती, म्हणजे बुरशी. अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नये, ती बुरशी हेडवरून पुढच्या कॅसेटला लागते. त्या चार कॅसेट सिलिका जेलच्या पिशव्यांसोबत बंद डब्यात आठवडाभर ठेवल्या, मग फीत धूळ न सोडणाऱ्या कोरड्या कापडातून हळूहळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गुंडाळली. मास्क लावून, आणि घराबाहेर. दोन कॅसेटचे कवच चिकटवलेले होते; ते कडेने फोडून फीत स्क्रूवाल्या नव्या कवचात घातली. देवनागरीची कॅसेट नशिबाने स्क्रूवाली निघाली.

टेपरेकॉर्डर १९८८ चाच, ज्यावर रेकॉर्डिंग झाले तोच. त्याचा पट्टा वितळून डांबरासारखा पुलीला चिकटला होता. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने खरवडून काढायला जवळजवळ तास गेला. नवा पट्टा तपकीर गल्लीत मिळाला. जुना वितळलेला असल्याने पुलींवरून दोरा फिरवून लांबी मोजली आणि त्याहून थोडा आखूड घेतला. हेड, कॅपस्टन आणि रबरी रोलर साफ केला.

मग हेडचा कोन. हेडच्या कडेला स्प्रिंग असलेला एक बारीक स्क्रू असतो. त्याची मूळ जागा आधी मार्करने खुणावून ठेवली, मग कॅसेट चालू ठेवून तो पाव-पाव फेऱ्याने फिरवत आवाज सर्वांत तीक्ष्ण कुठे येतो ते ऐकले. इथे 'बरोबर' कोन म्हणजे कारखान्याने ठरवलेला नव्हे. रेकॉर्ड करताना होता तो.

रेकॉर्डिंग यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनपुटमधून केले, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. लॅपटॉपचे माइकचे भोक वापरले नाही. ते आवाज आपल्या मनाने कमी-जास्त करते. स्पेक्ट्रमचे रेकॉर्डिंग मोनो, तरी घेतले स्टिरिओत. स्टिरिओ हेडचे दोन भाग फितीच्या वेगवेगळ्या पट्ट्या वाचतात, त्यामुळे एका बाजूला सुरकुती असली तरी दुसरीकडे माहिती शाबूत असू शकते. यासाठी मूळ मोनो टेपरेकॉर्डरशिवाय एक स्टिरिओ डेकही उसना आणावा लागला आणि शेवटी उपयोगी पडला तो तोच. आवाज 'स्वच्छ' करणारे कुठलेही फिल्टर मूळ फाइलवर चालवले नाहीत.

हरवलेला एक बिट

नऊपैकी सात कॅसेट पहिल्याच फेरीत पूर्ण वाचल्या गेल्या. एक कायमची गेली. तिच्यावर कोणीतरी नंतर गाणी भरली होती. राहिली ती नेमकी देवनागरीची. तिचा १७ बाइटचा हेडर, म्हणजे फाइलची ओळख सांगणारा भाग, आला, नाव दिसले, लांबी ७६८, मेमरीतला पत्ता ६४०००. पुढच्या ब्लॉकवर मात्र टेप लोडिंगची चूक.

स्पेक्ट्रम शून्य लिहितो तेव्हा ८५५ टी-स्टेटचे (प्रोसेसरच्या घड्याळाच्या टिकटिकींचे) दोन पल्स असतात, एक लिहितो तेव्हा १७१० चे दोन, ३.५ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर हे साधारण अर्धा आणि एक मिलिसेकंद. त्यामुळे वेव्ह फाइलमधल्या लाटा मोजून बिट हाताने वेगळे करता येतात. ब्लॉकमध्ये ७६८ बाइट, सुरुवातीचा एक खुणेचा आणि शेवटचा एक पडताळणीचा, असे ७७० बाइट, म्हणजे ६१६० बिट हवेत. डाव्या चॅनेलमध्ये बरेच कमी भरले. उजव्यात ६१५९.

एकच बिट कमी. पण पडद्यावर त्याचा परिणाम विचित्र दिसत होता. पहिली ६० अक्षरे स्वच्छ, आणि तिथून पुढचे प्रत्येक अक्षर एका ठिपक्याने डावीकडे सरकलेले, उजव्या कडेला खालच्या ओळीचा पहिला ठिपका चिकटलेला. शिरोरेषेचाही पहिला ठिपका वरच्या ओळीच्या उजव्या टोकाला गेलेला, आणि तिच्या टोकाला खालच्या ओळीचा पहिला ठिपका, तो रिकामा असला की तिथे भोक.

फितीवर त्या जागी एक घडी होती, टेपरेकॉर्डरने कधीतरी फीत 'खाल्ल्याची'. लाटेत ती जागा स्पष्ट दिसत होती. तिथे एक बिट घातला की पुढचे सगळे जाग्यावर येणार. तो शून्य की एक, एवढाच प्रश्न. इथे पडताळणीचा बाइट कामी येतो. तो आधीच्या सर्व बाइटच्या एक्सऑरने बनतो, म्हणजे प्रत्येक जागी एकांची संख्या विषम असेल तर एक, सम असेल तर शून्य. शून्य घातला, जुळला नाही. एक घातला, जुळला.

स्पेक्ट्रमची दुरुस्ती

यंत्र उघडताना पहिला धोका कीबोर्डच्या पट्ट्यांचा. प्लास्टिकच्या दोन पातळ पट्ट्या, एक पाच आणि एक आठ तारांची, बोर्डावरच्या खाचांत रोवलेल्या असतात. तीन दशकांनी त्या वाळक्या पानासारख्या होतात. इथेही आठ तारांची काढतानाच तडकली. तडा टोकाजवळ होता, म्हणून टोक पाच मिलिमीटर कापून पुन्हा बसवता आले. हा टेकू आहे, उपाय नव्हे. नवी मेंब्रेन इंग्लंडहून मागवली, ती यायला पाच आठवडे लागले.

विद्युतपुरवठा देण्याआधी मल्टिमीटरने मोजमाप. स्पेक्ट्रमच्या खालच्या १६के रॅममध्ये ४११६ जातीच्या आठ चिप आहेत आणि त्यांना तीन व्होल्टेज लागतात: पिन १ वर उणे ५, पिन ८ वर १२, पिन ९ वर ५, पिन १६ ग्राउंड. ५ व्होल्ट ७८०५ रेग्युलेटर देतो, बाकीची दोन टीआर४ आणि टीआर५ हे ट्रान्झिस्टर आणि एक कॉइल मिळून तयार करतात. उणे ५ गेले आणि १२ राहिले तर ४११६ मरतात. म्हणून यंत्र 'जरा वेळ चालू ठेवून बघू' हे इथे चालत नाही.

टीआर४ शॉर्ट होता. त्या जागी झेडटीएक्स ६५० बसवला, आसपासचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले. मूळ कपॅसिटर आडवे, दोन्ही टोकांना तार असलेले. पेठेत उभेच मिळाले, ते आडवे झोपवून एक तार लांबवली. प्रत्येक काढण्याआधी धन-ऋण दिसेल असा फोटो. मग बेंच सप्लायवर ९ व्होल्ट, करंटची मर्यादा १ ॲम्पिअर. यंत्राने पाऊण ॲम्पिअरच्या आसपास घेतला, तिन्ही व्होल्टेज जाग्यावर आली, पण पडद्यावर उभे पट्टे. चित्राची मेमरी याच खालच्या रॅममध्ये असते, त्यामुळे उभे पट्टे दिसले की संशय पहिला तिथेच.

चाचणीच्या रॉमने, म्हणजे यंत्र स्वतःला तपासते तो प्रोग्राम असलेल्या चिपने, दोन चिप खराब दाखवल्या. त्या उलट ध्रुवतेने गेल्या की वयाने, हे नंतर सिद्ध करता येत नाही. काकांनी शेजाऱ्याला तसे सांगितलेही नाही. चिप काढताना सगळ्या पिना एकदम तापवून ओढल्या की बोर्डावरचे तांबे उचलले जाते. आधी चिपचे पाय कापून अंग काढले, मग एकेक पाय वेगळा, मग सॉकेट. सुट्या ४११६ जुन्या साठ्यातल्या मिळाल्या.

टीव्हीसाठी मूळ जोडणी यूएचएफ चॅनेल ३६ ची. स्पेक्ट्रम आवाज स्वतःच्या स्पीकरमधून काढतो, त्यामुळे इंग्लंड आणि आपल्याकडच्या पाल पद्धतीतल्या आवाजाच्या फरकाची अडचण येत नाही. तरी एलईडी टीव्हीवर चित्र धुरकट दिसत होते. मॉड्युलेटरकडे, म्हणजे चित्र टीव्ही चॅनेलवर चढवणाऱ्या भागाकडे, जाणारा संमिश्र व्हिडिओ सिग्नल तोडून सरळ बाहेरच्या सॉकेटला दिला, मध्ये १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. मॉड्युलेटर काढला नाही. कोणाला परत मूळ स्थितीत न्यायचे असेल तर दोन टाके पुरेत.

चालू झाल्यावर रॅमचा शेवटचा पत्ता विचारला: प्रिंट पीक २३७३२+२५६*पीक २३७३३. उत्तर ६५५३५, म्हणजे ४८के पूर्ण शाबूत. वरची ३२के रॅम खराब असती तर ३२७६७ आले असते.

बाकीच्यांचे काय झाले

बीबीसी मायक्रोला वीज लावायचा मोह आवरला, ते बरे झाले. त्याच्या सप्लायमध्ये मुख्य लाइनवर ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे दोन एक्स२ (मुख्य विजेवर लावायच्या सुरक्षा दर्जाचे) कपॅसिटर असतात, पारदर्शक पिवळसर कवचाचे. कवचाला भेगा पडतात, आतला कागद दमट हवा शोषतो आणि वीज आल्यावर काही मिनिटांत धूर. पुण्याच्या जुलैत तर हमखास. दोन्हीला भेगा होत्या. त्याच मूल्याचे, २७५ व्होल्ट एसीचे एक्स२ बसवले, साधे नव्हे. आतला २२० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिकही बदलला. यंत्राने लांब आणि मग छोटा असे दोन 'बीप' दिले. नुसता लांब सूर राहिला असता तर प्रोसेसर जागा झालेला नाही असे समजावे. हे यंत्र एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेने मांडणीसाठी घेतले.

कमोडोरचे दोन्ही सप्लाय मोजले, एकाचे ५ व्होल्ट ५.८ भरले. हा त्यांचा जुना रोग. आतला रेग्युलेटर बिघडला की वरचढ व्होल्टेज थेट रॅममध्ये. त्या सप्लायची वायर कापून टाकली, म्हणजे पुढे कोणी वापरणार नाही, आणि दोन्ही यंत्रे एका संग्राहकाला एकाच चांगल्या सप्लायसह विकली.

दोन्ही २८६ च्या बोर्डांवर निकेल-कॅडमियम बॅटरी फुटून हिरवी झाली होती, तांब्याच्या रेषा खाल्लेल्या. ते, एक्सटी आणि टीव्ही गेमचा कीबोर्ड अधिकृत ई-कचरा संकलकाकडे गेले. फ्लॉपींचा निकाल लागला नाही. दोन्ही डबे वारज्याला गेले.

फलित

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात वारज्याच्या घरात स्पेक्ट्रम एका कपाटाच्या खणात बसला. क्लिअर ६३९९९ देऊन (त्यापुढची मेमरी राखून ठेवणारा आदेश) दुरुस्त केलेल्या फाइलवरून संच लोड केला आणि अक्षरे कुठून घ्यायची ते सांगणारा आदेश दिला, पोक २३६०७,२४९. लगेच प्रोग्रामची यादीसुद्धा देवनागरी अक्षरांत दिसू लागली, अर्थातच निरर्थक. पोक २३६०७,६० दिले की परत रोमन.

मग काका वहीशी ताडून पाहायला बसले. ९५ अक्षरे तंतोतंत. 'ळ' मध्ये एक ठिपका वेगळा: वहीत खालच्या गाठीत होता, कॅसेटवर तो एक घर वर. पहिला संशय फितीवर गेला. पण पडताळणीचा बाइट जुळत होता, आणि 'ळ' ची जागा घडीच्या कितीतरी आधी होती. म्हणजे बिघाड नव्हता; वही बंद झाल्यानंतर भावाने यंत्रावर बसून तो ठिपका हलवला होता. मुलीच्या पर्यायाने गेले असते तर वहीतला 'ळ' आला असता, आणि तो अधिक बेढब आहे.

काय वेगळे करता आले असते

काम एप्रिलऐवजी डिसेंबरात सुरू झाले असते तर बुरशीच्या निम्म्या कटकटी वाचल्या असत्या. सोसायटीचा ठराव दोन वर्षे आधीच झाला होता.

ॲडॉप्टर सापडत नसला की यंत्र बाजूला ठेवायचे आणि खोक्यावरच चिठ्ठी लावायची: '९ व्होल्ट, मधली पिन ऋण'. काकांनी आता ती तळाशी चिकटवली आहे.

कमोडोर विकताना घाई झाली. दोन्हींची रॅम आणि साउंड चिप तपासून विकली असती तर किंमत वेगळी आली असती आणि घेणाऱ्याला पुन्हा उघडावे लागले नसते.

स्पेक्ट्रममधली फेरान्टी कंपनीची यूएलए चिप, जी चित्र, कीबोर्ड आणि कॅसेट सांभाळते, अजून मूळची आहे. ती बरीच तापते आणि नवी बनत नाही. बदली म्हणून आताच्या भागांतून बनवलेले छोटे बोर्ड मिळतात. तो आधीच घेऊन ठेवावा की गेल्यावर पाहावे, यावर दोघा जाणकारांचे एकमत झाले नाही. सध्या चिपवर हीटसिंक आहे, यंत्र सलग तासाभरापेक्षा जास्त चालू ठेवले जात नाही, आणि वेव्ह फाइल, दुरुस्त केलेली फाइल आणि वहीच्या पानांचे स्कॅन बंगळुरूच्या घरीही आहेत.